वाफे भरायला माती फुकटात किंवा स्वस्तात कशी मिळवायची

वाफा बांधायचा उत्साह सगळ्यांना असतो. फळ्या आणल्या, खिळे ठोकले, फोटो काढला, आणि मग त्या रिकाम्या खोक्याकडे बघून लक्षात येतं की आता यात घालायचं काय, कारण नर्सरीतून पाच-सहा पिशव्या आणून ओतल्या तर तळसुद्धा धड झाकला जात नाही. मी पण हेच केलं होतं. म्हणून आधी हिशोब करा आणि मगच माती शोधायला निघा.

समजा वाफा ८ फूट लांब, ४ फूट रुंद आणि १ फूट खोल आहे. म्हणजे ३२ घनफूट. एका घनफुटात साधारण २८ लिटर बसतात, म्हणजे ९०० लिटर माती, म्हणजे २० लिटरच्या ४५ बादल्या. आणि हे एका वाफ्याचं! वजनाचं बघायचं तर जरा कोरडी सुटी माती घनफुटाला ३५ किलोच्या आसपास भरते आणि भिजलेली ४५ किलोपर्यंत जाते, म्हणजे त्या एका वाफ्यात १,१०० ते १,४०० किलो माल जाणार. शिवाय सुटी माती पाणी पडल्यावर खाली बसते, पाचवा हिस्सा तरी कमी होतो, तेवढी जास्तीची धरायची. हे आकडे मी घाबरवायला देत नाहीये, पण "कुठूनतरी थोडी माती आणू" असं म्हणणाऱ्या माणसाला ही वस्तू किती लागते हे माहीत नसतं आणि मग तो मिळेल ती माती घेतो, तिथेच सगळा घोळ होतो.

आता चांगली बातमी, तुम्हाला वाटतंय तेवढी माती बहुतेक वेळा लागतच नाही. वाफ्याला तळ नसेल आणि तो थेट जमिनीवर बसवला असेल तर मुळं खालच्या जमिनीत उतरतात, त्यामुळे खालची जमीन कुदळीने नाहीतर काट्याने वीतभर मोकळी करून घ्या आणि वर ६ ते ८ इंच चांगली माती घाला, पालेभाज्यांना एवढ्यात मजेत जमतं. टोमॅटो, वांगी, गाजर असलं काही लावायचं असेल तरच फूटभर मोकळी खोली बघायची, आणि त्यातही खालची मोकळी केलेली जमीन धरूनच.

वाफा उंच असेल, दोन-अडीच फूट, तर तळाचा तिसरा हिस्सा किंवा अगदी निम्मा भाग लाकडाने भरा. जुने ओंडके, वाळक्या फांद्या, त्यावर काड्या, त्यावर पालापाचोळा, मध्ये मध्ये थोडी माती सोडत जायची म्हणजे पोकळ्या राहत नाहीत. कुजकं लाकूड असेल तर उत्तमच, ते स्पंजसारखं पाणी धरतं. फक्त दोन गोष्टी सांभाळा. एक, रंगवलेलं, पॉलिश केलेलं किंवा केमिकल लावलेलं लाकूड आणि प्लायवूडचे तुकडे नकोत. दोन, ताजा भुसा किंवा लाकडाचा चुरा वरच्या मातीत मिसळू नका, कारण तो कुजवताना जिवाणू मातीतला नायट्रोजन स्वतःकडे ओढून घेतात आणि झाडं पिवळी पडतात. तळाशी असलेल्या ओंडक्यांचा तसा त्रास होत नाही. दरवर्षी वाफा थोडा खाली बसेल, तेवढी वरून भर घालत जायची.

आणि हो, "पाण्याचा निचरा व्हावा म्हणून तळाशी खडी, विटांचे तुकडे घाला" हे जे सगळीकडे सांगतात ते करू नका. बारीक मातीतून पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही, माती पूर्ण गच्च भिजेपर्यंत ते वरच अडून राहतं. म्हणजे निचरा सुधारत नाही, उलट ओल मुळांच्या जवळ येते आणि तुमची खोली फुकट जाते.

माती शोधायला बाहेर पडायच्या आधी स्वतःच्या पायाखाली बघा. दोन वाफ्यांच्या मधली वाट तुम्ही चालायलाच वापरणार ना, मग तिथली चांगली माती तिथे काय करतेय? २ फूट रुंद आणि ८ फूट लांब वाट ६ इंच खरवडली की ८ घनफूट माती निघते. दोन्ही बाजूच्या वाटा खरवडल्या तर १६ घनफूट, म्हणजे वरच्या हिशोबातला अर्धा वाफा भरला, गाडी नाही, भाडं नाही, काही नाही. वाटेत मग लाकडाची चिपाडं किंवा पालापाचोळा टाकायचा, वर्ष-दीड वर्षात तोही कुजतो आणि तोच परत वाफ्यात. माझ्या मते हाच सगळ्यात स्वस्त मार्ग आहे आणि तरी लोक तो सोडून डंपरच्या मागे धावतात.

गवताची हिरवळ उकरून वाफा करत असाल तर ते गवताचे थर फेकू नका. मुळांसकट कापलेले चौकोन उलटे करून एकावर एक रचा, गवत खाली आणि मुळं वर, ढीग ओला करून काळ्या प्लॅस्टिकने झाकून ठेवा. सहा महिने ते वर्षभरात आतून भुसभुशीत माती निघते. फक्त हरळी किंवा लव्हाळा असलेलं गवत असेल तर हा उद्योग करू नका, का ते पुढे सांगते.

आता बाहेरची माती. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे, जमिनीतून निघालेलं सगळं म्हणजे बागेची माती नव्हे. झाडाच्या कामाची माती म्हणजे वरचा थर, बहुतेक ठिकाणी ४ ते ८ इंच, फार तर फूटभर. सेंद्रिय पदार्थ, गांडुळं, जिवाणू, मुळांचे अवशेष सगळं त्यातच. त्याखाली मुरूम, चिकणमाती, दगड, ज्यात झाड उभं राहतं पण वाढत नाही. बांधकामाच्या पायातून निघते ती ९० टक्के ही खालचीच. "फुकट माती घेऊन जा" अशी पाटी किंवा मेसेज दिसतो तो बहुतेक वेळा ह्याच मालासाठी असतो, त्यांना खड्ड्यातला ढीग हलवायचा असतो आणि तुम्ही त्यांचं टेम्पोभाडं वाचवत असता.

मग बांधकामावरून घ्यायचीच नाही का? घ्यायची, पण दिवस पकडायचा. प्लॉट साफ करताना जेसीबी पहिल्यांदा जे खरवडतो, गवत आणि झुडपांसकट, तोच तुमचा माल. ते काम पहिल्या एक-दोन दिवसात उरकतं आणि मग त्याच ढिगावर खालचा मुरूम येऊन पडतो, एकदा मिसळलं की संपलं. म्हणून जिथे नुसती पत्र्याची कुंपणं लागली आहेत, खोदकाम अजून सुरू झालेलं नाही, तिथे जाऊन सुपरवायझरला आधीच सांगून ठेवा की वरचा थर काढाल तेव्हा मला फोन करा, मी नेतो. त्याला माती टाकायला लांब जावं लागतं, त्यामुळे तुमची जागा जवळ असेल तर बरेचदा तोच गाडी पाठवतो. पण गाडी येईल तेव्हा तुम्ही स्वतः हजर पाहिजे! ड्रायव्हर मागचं फळकं उघडायच्या आधी वर चढून बघा, मूठभर हातात घ्या, सिमेंटचे गोळे, फरशीचे तुकडे, प्लॅस्टिक, वायरी दिसल्या तर सरळ नाही म्हणा. लाजू नका. एकदा रिकामा केलेला डंपर परत भरून कोणी नेत नाही आणि मग तो राडारोडा हलवायला तुम्हालाच पैसे मोजावे लागतात. काही ठिकाणी मातीची वाहतूक करायला परवाना लागतो, तो गाडीवाल्याकडे आहे ना तेही विचारून घ्या.

रस्ता रुंदीकरण, घराच्या मागे पोहण्याचा तलाव खणणं, नवीन विहीर, पाइपलाइन, यांच्याबाबत सुद्धा हाच नियम, पहिला वीतभर थर तुमचा, बाकी त्यांचा.

तळ्यातला गाळ हा वेगळा प्रकार. तळं किंवा बंधारा साफ करतात तेव्हा निघालेला गाळ आजूबाजूच्या शिवारातून वाहून आलेल्या वरच्या मातीचाच असतो, त्यामुळे कसदार असतो. पण आणला की लगेच वापरायचा नाही. तो पाण्याखाली हवेशिवाय राहिलेला असतो, वास मारतो, आणि वाळला की दगडासारखी ढेकळं होतात. पातळ थर करून काही आठवडे उन्हात पसरा, ढेकळं फोडा, मग जाड वाळू किंवा भरपूर पाला-कंपोस्ट मिसळून वापरा, नुसत्या गाळाचा वाफा पावसात चिखल आणि उन्हात फरशी. ज्या तळ्यात गटार किंवा कारखान्याचं पाणी येतं तिथला गाळ कितीही काळाभोर दिसला तरी भाजीच्या वाफ्यात नको.

लहान वाफ्यांसाठी नर्सरीच्या मागच्या बाजूला एक चक्कर मारा. मेलेल्या रोपांच्या कुंड्या-पिशव्या तिथे रिकाम्या केलेल्या असतात, ती माती त्यांना परत विकता येत नाही. घर बदलणारे लोक, गच्चीवरची बाग बंद करणारे लोक, यांच्याकडे कुंड्यांची माती हमखास असते आणि ती कोणी उचलून नेली तर ते उलट आभार मानतात. अशी माती मेलेली असते, म्हणजे कस गेलेला, पण पोत चांगला असतो, कंपोस्ट घातलं की उठते. एकच विचारायचं, झाडं कशाने मेली? टोमॅटो-वांग्याची उभी झाडं अचानक मान टाकून मेली असतील किंवा मुळांवर गाठी असतील तर त्या मातीत मर रोगाचे जंतू किंवा सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी, असू शकतात, ती फुलझाडांनासुद्धा नको.

जंगलातून, नदीच्या काठावरून, दुसऱ्याच्या बांधावरून माती उकरून आणायची नाही. चोरी तर आहेच, पण संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि कृषी संघटना सांगते की २ ते ३ सेंटिमीटर माती तयार व्हायला १,००० वर्षांपर्यंत वेळ लागू शकतो. बांधकामाखाली गाडली जाणारी माती वाचवणं वेगळं आणि जिवंत जागेवरची सोलून आणणं वेगळं.

माती समोर आली की तपासायची कशी? सगळ्यात आधी ती जिथे होती तिथे काय उगवत होतं ते बघा. तण दाट आणि तरारलेलं असेल तर माती ठीक आहे, काहीच उगवत नसेल तर काहीतरी गडबड. मग वास घ्या. पहिल्या पावसाला येतो तो वास हवा. आंबूस किंवा सडक्या अंड्याचा आला तर हवा मिळालेली नाही, ती पसरून ठेवून सुधारते, पण रॉकेल, ऑइल, केमिकलचा वास आला तर तिथूनच परत फिरा. रंगावर जाऊ नका, काळी म्हणजे कसदार असं काही नसतं, नुसती चिकणमातीही काळीकुट्ट असते.

मूठभर ओलसर माती दाबून गोळा करा. बोटाने टोचल्यावर चुरा झाला तर छान. झालाच नाही आणि अंगठ्याने दाबत नेल्यावर दोन इंचांपेक्षा लांब पट्टी निघाली तर ती चिकण. गोळाच होत नसेल तर वाळू जास्त. अजून नीट बघायचं तर काचेच्या उभ्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर कपड्याचा साबण, खच्चून हलवा आणि ठेवून द्या. मिनिटभरात खाली बसते ती वाळू, दोनेक तासात त्यावर बसतो तो पोयटा, म्हणजे वाळूपेक्षा बारीक पण चिकणमातीपेक्षा जाड कण, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत पाणी गढूळ ठेवते ती चिकणमाती. वाळू आणि पोयटा प्रत्येकी ४० टक्के आणि चिकणमाती २० टक्के अशी असेल तर बागेला याहून चांगली माती शोधायची गरज नाही. मला अशी कधीच मिळालेली नाही, साधारण जवळपास आली तरी कंपोस्ट सांभाळून घेतं.

आता लव्हाळ्याचं. पहिल्या वर्षी मी एका रिकाम्या प्लॉटवरची ट्रॉलीभर माती आणली, काळी, भुसभुशीत, वासही मस्त, मी खूश. पंधरा दिवसांत वाफाभर हिरव्या टोकदार सुया वर आल्या. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत साखळीने जोडलेल्या असतात, वरचं पातं उपटलं की गाठ आतच राहते आणि परत फुटते, वर प्लॅस्टिक अंथरलं तर ते भोसकून वर येतं. तीन वर्षं मी बसून गाठी वेचल्या, शेवटी ती माती काढून टाकली. म्हणजे फुकट माती मला दोनदा वाहावी लागली. तेव्हापासून नियम, मोठा ढीग आणायच्या आधी बादलीभर आणायची, ट्रेमध्ये पसरून दोन आठवडे रोज पाणी मारायचं आणि काय उगवतंय ते बघायचं. बियांचं तण आलं तर हरकत नाही, ते उपटून संपतं, किंवा कडक उन्हात ओल्या मातीवर पारदर्शक प्लॅस्टिक चार-सहा आठवडे घट्ट अंथरलं की बरंचसं मरतं. पण लव्हाळा, हरळी, कुंदा दिसला तर घेऊ नका, प्लॅस्टिकच्या उन्हानेही त्यांच्या गाठी भरवशाने मरत नाहीत.

जुन्या घराच्या भिंतीलगतची आणि मोठ्या रस्त्याच्या कडेची माती भाजीला टाळा. जुन्या रंगात शिसं असायचं, त्याचे पापुद्रे गळून मातीत जातात, आणि पेट्रोलमधलं शिसं जगातून पूर्ण बंद व्हायला २०२१ साल उजाडलं. मातीत पडलेलं शिसं कुजत नाही, वाहून जात नाही, तिथेच राहतं. वासाने-रंगाने ते कळत नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते. लहान मुलं वाफ्यात खेळणार असतील तर तपासणीचे पैसे वाचवू नका.

मातीपेक्षा सहज फुकट मिळतं ते सेंद्रिय मटेरियल, गोठ्याचं शेण, तबेल्याची लीद, झाडं छाटणाऱ्यांची चिपाडं, पालापाचोळा. पाला गोणीत भरून ओला करून ठेवला तर एक-दोन वर्षात त्याची काळी भुसभुशीत माती होते, मात्र ढीग इतका बसतो की दहा गोण्यांच्या जेमतेम दोन-तीन राहतात. शेणखत जुनं, वास गेलेलं घ्या. आणि शेणखत, लीद किंवा गवताच्या पेंढ्यांबद्दल एक विचित्र गोष्ट माहीत असू द्या. कुरणावर रुंद पानांचं तण मारायला अमिनोपायरालिड, क्लोपायरालिड असली तणनाशकं मारलेली असतील तर ती जनावराच्या पोटातून तशीच बाहेर येतात, कंपोस्टमध्येही टिकतात आणि तुमचे टोमॅटो, घेवडा, वाटाणा वाकडेतिकडे करतात. उपाय सोपा आहे, तीन कुंड्यांत ते खत मिसळून आणि तीन कुंड्यांत न मिसळता घेवडा लावा, तीन आठवड्यांत खतवाल्या कुंड्यांतली पानं वाटीसारखी वळली तर ते खत वापरू नका.

विकत घ्यायचीच वेळ आली तर पिशवीतली घेऊ नका, सुटी घ्या, आणि शेजारी-मैत्रिणींत मिळून एक गाडी मागवा, कारण तुम्ही खरं तर मातीचे पैसे देत नसता, गाडीचे देत असता. भाव विचारताना पोचवून किती, चाळलेली की न चाळलेली, आणि ब्रासने मोजणार की ट्रॉलीने ते आधीच ठरवा. ब्रास म्हणजे १०० घनफूट, वर सांगितलेले तीन वाफे त्यात भरतात. ट्रॉलीला मात्र ठराविक माप नसतं. भरणीची माती आणि बागेची माती या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे विकणाऱ्याला माहीत असतं, तुम्हालाही माहीत आहे हे त्याला कळू द्या. पिशव्याच हव्या असतील तर हंगाम संपताना फाटलेल्या, उन्हाने रंग उडालेल्या पिशव्या दुकानदार कमी भावात काढतात, आतल्या मालाला काही झालेलं नसतं.

स्वतः वाहणार असाल तर पाऊस पडून गेल्यावर लगेच जाऊ नका, वजन वाढतं आणि ओली चिकणमाती तुडवली की तिचा पोत बिघडतो. गोण्या अर्ध्याच भरा. मी एकदा पूर्ण भरल्या होत्या आणि दोघांनी मिळूनही गेटच्या आत नेता आल्या नाहीत, तिथेच फाडाव्या लागल्या. ढीग वाफ्याच्या शक्य तितक्या जवळ ताडपत्रीवर उतरवा, वर झाका.

मिसळताना मोजून-मापून फार डोकं लावू नका, साधारण दोन भाग माती आणि एक भाग कुजलेलं खत. नुसतं कंपोस्ट भरायचा मोह होतो, कारण ते फुकट मिळतं आणि हलकं असतं, पण ते वर्षभरात निम्म्यावर बसतं आणि फॉस्फरस वाढत जातो. अर्धा वाफा भरला की पाणी मारा, बसू द्या, मग वरचा अर्धा भरा. चांगली माती कमी असेल तर ती तळाशी घालवू नका, शेवटच्या सहा इंचांसाठी राखून ठेवा. काठोकाठ भरलेला वाफा पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन-तीन इंच खाली गेलेला दिसेल, तेवढ्यासाठी दोन गोण्या माती कोपऱ्यात झाकून ठेवा.